आपांचा डेस्कटॉप

त्या काळात खामगावात आम्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. फॉर्मॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं चढवा. मशीन हळू चालतंय, फॉर्मॅट. आवाज येत नाही, फॉर्मॅट. मी तर त्यात फारच तयारीचा. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं व्हायच्या आधी माझ्या हातात सीडी असायची.

कापसाच्या जिनिंग गिरणीला लागून असलेल्या गल्लीत एक आपा टायपिंगचं दुकान चालवायच्या. त्या वर्षी सोनाळ्याकडच्या शेतकऱ्यांनी बीटी कपाशीच्या एका बियाण्याची कृषी खात्याकडे तक्रार केली होती. पऱ्हाटी माणसाएवढी वाढली आणि बोंडं बोटांवर मोजण्याइतकी. आपांनी एकेकाला समोर बसवून त्याचं म्हणणं टाइप केलं आणि स्टुडिओतून मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं काढलेले झाडांचे फोटो त्याखाली जोडले. सगळी पानं एकदमच छापू म्हणून छपाई राहिली होती. सुनावणी दुसऱ्या दिवशी, आणि नेमकं मशीन हँग व्हायला लागलं.

सकाळीच मला बोलावणं आलं. आपा म्हणाल्या, "भाऊ, टाइप करते तोवर काही होत नाही. फोटोवालं पान उघडलं का पडद्यावर पट्टे येतात अन् जागच्या जागी अटकते. बाण बी हालत नाही. घडीभर बंद ठेवलं का पुन्हा चालते."

बाईनं अख्खा आजार हातात आणून दिला होता हो! त्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, चित्रं दाखवायचं सगळं काम मदरबोर्डवरच्या चिपसेटकडे. फोटो उघडले की ती चिप तापणार, तापली की अडकणार, निवली की चालणार. बोट लावून पाहिलं असतं तरी चटका बसून कळलं असतं. पण मी कसला ऐकतो, मी मोठा डॉक्टर ना!

"व्हायरस आहे आपा. फॉर्मॅट मारा लागते."

"अन् माह्या फाइली?"

"डी ड्राइव्हले मी हातच लावत नाही. तुम्ही बिनघोर चहा ठेवा."

त्यांना डी काय अन् सी काय. त्यांनी फाइली डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो, फॉर्मॅटमध्ये तोच पुसला जातो, म्हणून आधी तिथे बघायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी बघितलं नाही.

विंडोज नव्यानं चढलं. तपासायला म्हणून मी त्यातलेच नमुन्याचे फोटो उघडले. पट्टे आले आणि मशीन पुन्हा हँग. कॅबिनेट उघडलं, तर चिपसेट गार ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांत रुई ठासून बसलेली, गादीत भरावी तशी. जिनिंगमधून उडणारी रुई पंखा वर्षभर आत ओढत होता. चिमट्यानं ती काढली, चिपवर नवी पेस्ट लावली, दुकानातलं जुनं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं आणि बोर्डावरचं ग्राफिक्स बंद केलं. मग तासभर फोटो फिरवले, एकदाही अडकलं नाही.

मग डी ड्राइव्ह उघडला. त्यात कव्वाल्या होत्या आणि कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. तक्रारीचं एक पानही नव्हतं. पुसलेलं परत काढणारी रिकव्हरीची सीडी लावली, तर फोटोंचे अर्धे कापलेले करडे तुकडे निघाले.

आपा चहा घेऊन आल्या. "झालं सुरू?"

"झालं. पण व्हायरसनं फाइली खाल्ल्या, आपा."

किती सहज आलं ते तोंडातून! आजही लाज वाटते.

आपा स्टुलावर बसल्या. "या अल्ला. आता फोटो कुठून आणू? पऱ्हाट्या तर उपटून सरपणाले नेल्या लोकायनं. कॅमेरा बी वापस केला, स्टुडिओवाल्यानं त्यातलं सारं पुसून टाकलं असन."

दुपारी दोघं शेतकरी छापील कागद न्यायला आले. आपांनी त्यांना व्हायरसचं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या पडतील. मनातून तर पडाव्यातच असं वाटत होतं. त्यातला म्हातारा आपांना म्हणाला, "जाऊ दे बाई. तो तरी काय करन बिचारा, सकायपासून उपाशी बसून आहे." आणि माझ्यापुढचा गार झालेला चहा बदलून द्यायला सांगितला.

सगळ्यांना पुन्हा बसवून टाइप करायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी ते हातानं लिहिलेले चार कागद घेऊन सुनावणीला गेले. साहेबानं विचारलं, झाडं कुठे आहेत, फोटो कुठे आहेत? पुरावा नाही म्हणून तक्रार तिथेच निकाली निघाली.

आपा पुढे कित्येक वर्षं माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवत राहिल्या. म्हणायच्या, "या भाऊनं माह्यी मशीन अशी बनवली का पुन्हा अटकली नाही." माझ्यासमोरच म्हणायच्या. मी मान खाली घालून स्क्रू आवळत बसायचो. व्हायरस नव्हताच आपा, मीच पुसलं, एवढं मला त्यांच्यासमोर आजवर बोलता आलेलं नाही.