‘व्हेरी वेल’च्या मागचा आवाज

माझ्या नातीच्या लाडक्या बँडनं आजवर चारच रेकॉर्डी काढल्या आहेत. दोन छोट्या, एक मोठी आणि एक भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली. पोरं अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखातली. चौघांच्या वयांची बेरीज माझ्या एकटीच्या वयाहून फार नसावी. ही माहिती मला आहे, कारण शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत नातीनं मला लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात तिच्या रेकॉर्ड प्लेअरसमोर बसवलं आणि चारही रेकॉर्डी क्रमानं ऐकवल्या.

"स्किप नाही करायचं हं आजी. ऑर्डर इम्पॉर्टंट आहे."

पहिल्या रेकॉर्डवर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखे ड्रम होते.

"हा गातोय की कुणी त्याची दाढ काढतंय?"

"आजी! ही गाणं सॅड आहे."

"हे गाणं."

"तेच ते."

दुसऱ्या रेकॉर्डवर, दोन गाण्यांच्या मध्ये गिटार थांबली. नुसती खरखर उरली. आणि मग एक बाई बोलली, फार सावकाश, प्रत्येक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा: "व्हेरी वेल. वुई व्हॅल्यू युवर व्हेजिटेबल्स. नेक्स्ट विंडो, प्लीज."

मी चहाचा कप खाली ठेवला. ती बाई मी होते, चोवीस वर्षांची.

त्या वेळच्या माझ्याबद्दल काय सांगू! लंडनला येऊन वर्षही झालं नव्हतं आणि बाईसाहेबांना कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवर नोकरी हवी होती. आपल्याकडे एकच ‘व’. इंग्रजांकडे दोन, एकाला दात लागतात नि दुसऱ्याला ओठांचा चंबू करावा लागतो. कुणीतरी सांगितलं, स्वतःचा आवाज टेप करून ऐक. सोमवारी मुलाखत, रविवारी दुकानं बंद, घरात कोरी कॅसेट नाही. होती ती एकच, आईची. तेव्हा आम्ही पत्रांऐवजी कॅसेटी पाठवायचो. ही पुण्याहून धाकट्या भावानं आईला बोलतं करून पाठवलेली. कुणी पुसू नये म्हणून त्यानं कॅसेटच्या काठावरची प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा मोडून टाकला होता. मी शहाणीनं त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आईवर भाज्या रेकॉर्ड केल्या. म्हटलं, आई काय, पुन्हा पाठवेल.

तीन आठवड्यांनी आई गेल्याची तार आली.

भावानं कॅसेट मागितली. मी कळवलं, पोस्टात गहाळ झाली. मग दर दिवाळीला तो विचारायचा, "ताई, कुठे सापडली का गं?" मी दर दिवाळीला पोस्टाला दोष द्यायची. नोकरीही मिळाली नाही, हे वर.

पुढे कधीतरी लॉफ्ट रिकामा करताना कॅसेटींचा एक अख्खा खोका जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला दिला. ही पोरं लंडनला कार्यक्रमाला आली असताना त्यांनी तिथून कॅसेटी उचलल्या असणार. रेकॉर्डच्या पाकिटावर छापलंय तसं: ‘आवाज: अज्ञात स्त्री, लंडनची जुनी कॅसेट.’

"तिला सगळे विंडो लेडी म्हणतात," नात म्हणाली. "पण खरं क्रीपी आहे ती मागची. नीट ऐक."

तिनं सुई मागे नेली. ‘नेक्स्ट विंडो, प्लीज.’ आणि त्याच्या तळाशी, विहिरीत वाकून कुणी बोलावं तसं एक कापरं काहीतरी: येते.

पुसलेल्या टेपवर खालचा आवाज कधीकधी धुगधुगत राहतो, हे मला माहीत आहे. तरी मी शाल ओढून घेतली.

"फॅन लोक म्हणतात, ती ‘यती’ म्हणते. तो बर्फातला मॉन्स्टर. टी-शर्टसुद्धा आहेत." मग तिचा चेहरा बदलला. "वेट. येते? म्हणजे आय ॲम कमिंग? आजी, कोण येते?"

तिला कसं सांगू? निघताना ‘जाते’ म्हणू नये म्हणून आम्ही ‘येते’ म्हणतो. आई कॅसेट संपवतानाही तेच म्हणायची. पण दुपारच्या त्या मळकट उजेडात मलासुद्धा नातीचाच अर्थ ऐकू येऊ लागला.

तिसऱ्या, मोठ्या रेकॉर्डवर पोरांनी ‘येते’ मोठं करून पुन्हा पुन्हा फिरवलं होतं. दर फेरीला ते थोडं जवळ सरकत होतं. चौथी रेकॉर्ड कार्यक्रमातली. शेवटी वाद्यं थांबली, कॅसेट वाजली, माझ्या भाज्या आल्या आणि शेकडो अमेरिकन पोरं अंधारात एका सुरात ओरडली: "येते!"

माझ्या आईचा निरोप, त्यांच्या तोंडी. मी नातीला म्हटलं, "पुण्याला फोन लाव. व्हिडिओ."

भाऊ आता पंचाहत्तरीला टेकलाय, श्वास लागतो. डॉक्टरांनी त्याला प्रवास बंद केलाय. त्याला आईचा आवाज मिळायचा तर आत्ताच, आणि त्यासाठी मला आधी खोटारडी ठरायला हवं होतं. ठरले. चिकटपट्टीसकट सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोस्टाला शिव्या घातल्या, आणि पोस्टमन घरातच!"

"घाल आता मला. पण आधी ऐक."

नातीनं दुसरी रेकॉर्ड लावून फोन स्पीकरजवळ धरला. त्यानं दोनदा ऐकलं.

"ताई, मस्करी पुरे झाली."

"कसली मस्करी? आई आहे ती."

"आई कुठली! ही तू आहेस. आत्ताची. तुझा हल्लीचा आवाज मला कळत नाही का?"

टेप केली तेव्हा हा आवाज माझ्याजवळ नव्हताच.

"आईची शपथ, मी नाही," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला. "तू म्हण बघू. नुसतं ‘येते’ म्हण."

नातीनं सुई उचलली, वर धरून ठेवली. "येते," मी म्हणाले.

फोनमध्ये तो डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलले, लहान मुलासारखे. "ये हं," तो म्हणाला. मग डोळे पुसत: "आईच गं. पहिल्यांदा म्हणालीस ते तुझं वाटलं. दुसऱ्यांदाचं मात्र थेट तिचं."

मी एकदाच म्हटलं होतं.

नात माझ्याकडे बघत होती. रेकॉर्ड मुकाट फिरत होती, सुई तिच्या बोटावर, हवेत.

"मग दुसऱ्यांदाचंच ठेव तू," मी भावाला म्हटलं.