खोड सांगणारे भाऊसाहेब

भाऊसाहेबांकडे कोणी गाडीचा विमा उतरवायला गेलं, की ते आधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे. बॉनेटवर थाप टाकायचे, वाकून चाकं बघायचे आणि कमरेवर हात ठेवून मालकाला विचारायचे, "खोड काय?" मालक सांगायचा, ब्रेक जरा उशिरा लागतो. "ती गाडीची झाली. तुमची?" या प्रश्नाने भलेभले बावचळायचे. मीही बावचळलो होतो. नवी कोरी गाडी हार घालून उभी, आणि हे गृहस्थ माझ्या बायकोसमोर मला माझी खोड विचारत होते. बायकोने चार सांगितल्या.

विम्याची एजन्सी घेण्याआधी वीस वर्षं ते काष्टीच्या बैलबाजारात हेडी होते, म्हणजे बैलांच्या सौद्यातले दलाल. बैल मारका असेल, औताला बसत असेल, तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचे आणि मगच किमतीचं बोलायचे. "खोड सांगून इकलेलं जनावर माघारी येत न्हाई, गुरुजी. झाकून इकलं की तिसऱ्या दिवशी दाव्यासकट दारात." बाजारात किंमत ठरायची ती उपरण्याखाली बोटं दाबून. विम्याचा हप्ता कॉम्प्युटरवर छापून येतो, त्यात रुपयाचा फरक होत नाही. तरी भाऊसाहेब गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली ओढायचे आणि तोच छापील आकडा बोटांनी सांगायचे. लोकांना तो स्वस्त वाटायचा.

मी गावच्या शाळेत शिक्षक. कंपनीचे फॉर्म इंग्रजीत असतात, म्हणून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून ते मी भरून द्यायचो. मोबदला एक कप चहा. गिऱ्हाइकाला मात्र पॉलिसीबरोबर उपदेश फुकट: "पिऊन गाडी ठोकली तर कंपनी दमडी देनार न्हाई. तवा माझ्या दारात रडायला यायचं न्हाई."

आणि एके दिवशी त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला मिळवून दिलेली खोंडं शेजारच्या गावात बैलगाडा शर्यतीत पहिली आली. मालकाने भाऊसाहेबांना फेटा बांधला आणि मंडपामागे नेलं. वर्षानुवर्षं न घेतलेल्या माणसाने आनंदाच्या भरात दोन ग्लास रिचवले. मी पीत नाही. मी समोर बसून शेंगदाणे खाल्ले. मग ते आपली जीप चालवायला बसले आणि मी शेजारी. मला गाडी चालवता येते. पण एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिलो.

वाटेत नाकाबंदी होती. हवालदाराने फुंकायचं यंत्र पुढे केलं. भाऊसाहेब म्हणाले, "फुंकायला कशाला लावताय? घेतलीय. दोन ग्लास. शेंगदाने बी हुते, ते गुरुजींनी संपवले." तरी फुंकावं लागलंच. पुढे कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. दहा हजार दंड झाला आणि लायसन सहा महिने निलंबित झालं. हे गावात कोणालाच कळलं नाही. कळलं होतं ते त्यांच्या बायकोला, मंदाकाकूंना, आणि मला.

महिनाभराने त्यांच्याच जीपची पॉलिसी संपली. ओट्यावर मी फॉर्म भरत होतो. एका रकान्यात प्रश्न होता: चालकाला कधी शिक्षा झाली आहे का? माझं पेन थांबलं.

"नाही लिहू?" मी हळूच विचारलं.

मंदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "आवो, एवढं एक न्हाई लिवू द्या. कोन बघायला येतंय? उद्या एजन्सी काढून घेतली तर खायाचं काय? आन गाव हसंल ते येगळंच."

काकूंचं खरं होतं. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारने ठरवलेला, तो बदलत नाही. पण जीपच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता कंपनी वाढवणार, हे उघड होतं. त्यात भाऊसाहेबांची सगळी अब्रू त्या उपदेशावर उभी.

भाऊसाहेबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "बैलाची खोड सांगितली, गिऱ्हाइकाची सांगितली. आता आपली झाकू व्हय? लिवा, गुरुजी."

आणि त्यांनी जे सांगितलं ते रकान्यात मावेना. दोन ग्लास, कोणत्या आनंदात, कोणत्या रस्त्यावर. शिवाय डाव्या डोळ्याला पाणी येतं, जेवणानंतर पेंग येते. मी वेगळा कागद जोडला. पुढचा रकाना होता, गाडी आणखी कोण चालवणार. लायसन परत मिळेपर्यंत मीच चालवणार होतो, माझं नाव घातलं.

"खोड?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माझी? मी तर पीतही नाही."

"लिवा: शेजारी बसतो, पर गाडी चालवू नका म्हनत न्हाई."

मी मान खाली घालून ते वाक्य इंग्रजीत लिहिलं. आजवर इतकं कठीण भाषांतर मी केलेलं नाही.

आठवड्याने नगरहून कंपनीचे एक तरुण साहेब तो फॉर्म घेऊन आले. असा फॉर्म त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एजन्सी राहील, म्हणाले, पण हप्ता वाढेल. भाऊसाहेबांनी लगेच त्यांच्या हातावर उपरणं टाकलं. साहेब दचकले. "काका, स्क्रीनवर दिसतंय ना!" "दिसू द्या. बोटं दाबा." साहेबांनी घाबरून पाचही दाबली. भाऊसाहेब हसले. "बैल खोडीचा निघाला की किंमत उतरती, मानूस निघाला की चढती. उफराटा बाजार हाय तुमचा."

पुढच्या बाजारात त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. काही गिऱ्हाइकं हसून दुसऱ्या एजंटाकडे गेली, ती गेलीच. उरलेली मात्र न विचारता आपापल्या खोडी सांगू लागली आणि माझं लिहिण्याचं काम वाढलं.

वर्षाने पुन्हा शर्यत. खोंडं दुसरी आली. या वेळी भाऊसाहेबांनी दुःखात एक ग्लास घेतला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली मी आधीच खिशात घातली होती.

"किल्ली द्या, गुरुजी."

"नाही देणार. तुम्ही शेजारी बसा."

ते बसले, आणि घरापर्यंत माझ्या गाडी चालवण्याचा उद्धार करत राहिले. मग आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जीपचा नवा फॉर्म घेऊन स्वतःच माझ्या घरी आले. वेगळा कागद मागितला आणि त्यावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं.

ती त्यांची शेवटची पॉलिसी. दिवाळीआधीच हृदयविकाराने ते गेले. मला त्यांची फार आठवण येते, गाडीत बसताना तर हमखास. त्या कागदाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. त्यांच्या नावापुढे लिहिलंय, 'खोड अजून हाय.' माझ्या नावापुढची जुनी ओळ त्यांनी गाळली आणि तिच्या जागी लिहिलं, 'गाडी लई हळू हाकतो.'