अर्धी वाटी, पोटभर

डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा." वजन माझं, रक्तदाब माझा, नोकरी माझी, आणि बाहेर बसायचं मीच. आत बसले माझे काका.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन मास्तरकीचं ट्रेनिंग केलेली मी पहिली मुलगी. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेनं मला निवडलं होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत संस्थेच्या डॉक्टरांचं प्रकृतीचं सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच बाकी होतं. ते मिळालं नाही तर गावी परत जायचं आणि वडील ठरवतील त्या घरी नांदायला जायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी अंगानं चांगलीच भरलेली होते. त्यात तपासणीच्या भीतीनं छाती धडधडत होती, तर रक्तदाब वर जाणार नाही तर काय होईल?

काका वकील होते. मी त्यांच्याकडे राहायला होते. मुलीच्या वतीनं घरातल्या कर्त्या पुरुषानं डॉक्टरांशी बोलायचं, ही तेव्हाची रीत, आणि डॉक्टरही त्याच रीतीतले, विलायतेला जाऊन आलेले असले तरी. अर्ध्या तासानं काका चिठ्ठी घेऊन बाहेर आले. वजन उतरवून दोन महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायचं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: सकाळी ओट अर्धी वाटी, साय काढलेल्या दुधात, पोटभर. मधे काही नाही. दुपारी आणि रात्री एक भाकर, भाजी.

ओट, म्हणजे हल्लीचे ओट्स, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकांनी औषधाच्या दुकानातून डबा आणला. झाकण उघडून पाहिलं तर आत चपटे, पांढुरके दाणे. मला वास्तविक हायसं वाटलं. म्हटलं, ह्या तर कण्याच! आमच्या घरी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवत. आई माणशी एक मूठ कोरडी घ्यायची, आणि त्या एका मुठीचा वाडगा भरायचा. मोजायचं ते कोरडं असताना. शिजलेलं अन्न मोजून वाढणं म्हणजे खाणाऱ्याचा अपमान, असं आमच्याकडे मानत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः पितळी वाटी हातात घेतली. पातेल्यातलं शिजलेलं ओट तिच्यात अर्ध्यापर्यंत घातलं आणि ती माझ्यापुढे ठेवली. सहा चमचे. मी मोजले, कारण मोजण्याखेरीज दुसरं काही करता येण्याएवढं त्यात नव्हतंच.

"काका," मी म्हटलं, "हे कोरडं मोजाचं असन. आपल्या घरी कण्या कोरड्याच मोजतात ना?"

काका एरवी कोर्टातली मराठी बोलत. "चिठ्ठीत काय लिहिलंय? अर्धी वाटी. तू खाणार कोरडं की शिजवलेलं?"

"शिजवलेलं."

"मग जे खायचं ते मोजायचं."

"पण पोटभर बी लिवलं हाय. ह्यानं कोनाचं पोट भरते?"

"पोटभर लिहिलंय याचा अर्थ यानं पोट भरतं. डॉक्टर खोटं लिहितील?"

"एकदा त्यायले विचारून या ना."

तेव्हा मात्र काका कोर्टाची मराठी विसरले. "कमी खाय म्हनलं तं तुले वाढवून पाहिजे! नोकरी पाहिजे का खानं पाहिजे?"

ज्या बाईनं जन्मात कधी धान्य शिजवलं नाही तिच्यावरसुद्धा स्वयंपाकघरात कोणी तेवढा विश्वास ठेवला नसता, जेवढा काकांनी स्वतःवर ठेवला. पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं न घेणारा माणूस मला अन्न फुगतं की नाही ते सांगत होता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि घरात अर्थ असा निघाला की पोरगी खाण्यासाठी रडते.

काकूला सगळं कळत होतं. काका कोर्टात गेले की ती गरम भाकर पदराखाली घेऊन यायची. "खाऊन घे वं बाई. पाखराले बी पुरनार नाही थे. कोनाले समजते?"

"तुमीच सांगा ना त्यायले, काकू."

"माह्यं कोन आयकते?"

ती भाकर मी घेतली नाही. हा माझा मूर्खपणा, दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. चोरून खाल्लं आणि वजन उतरलं नाही तर 'खादाड' हा शिक्का कायमचा बसेल, याची धास्ती होती. शिवाय अंगात हट्ट होता. दाखवतेच तुम्हाला, असं मनात म्हणत मी ती सहा चमच्यांची न्याहारी दोन महिने खाल्ली. एप्रिल-मेचं अमरावतीचं ऊन, दहा वाजताच डोळ्यापुढे अंधारी. काका येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "आमची पुतणी बघा, अर्ध्या वाटीवर राहते." लोक मान डोलवायचे. मी उपाशी आणि नाव काकांचं!

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच काट्यावर उभी राहिले. वजन उतरलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षाही जास्त. काका हसले. मी काट्यावरून पाय खाली ठेवला आणि खोली फिरली. शुद्धीवर आले तेव्हा बाहेरच्या बाकावर होते, तोंडावर पाणी मारलेलं, आणि अर्ध्या दारातून डॉक्टरांचा आवाज येत होता. "वकीलसाहेब, मुलगी फार अशक्त आहे. दिवसभर वर्गात उभी राहायची नाही. मला सर्टिफिकेट देता येणार नाही."

मी उठले आणि न विचारता आत गेले. "डॉक्टर, ओट अर्धी वाटी म्हंजे कोरडं का शिजवलेलं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "कोरडं. अर्थातच. शिजल्यावर दुप्पट-तिप्पट होतं, त्याशिवाय पोट कसं भरेल? हे कोणत्याही बाईला समजतं."

कोणत्याही बाईला समजतं! मग चिठ्ठी बाईच्या हातात का नाही दिली?

हे मी मोठ्यानं म्हणाले की मनात, ते आता नक्की सांगता येत नाही. काका तेवढे म्हणाले, "चिठ्ठीत कोरडं असा शब्द नव्हता." डॉक्टर म्हणाले, लिहिण्याची गरज नव्हती. त्यावर ते दोघं बराच वेळ बोलत राहिले, चूक चिठ्ठीची की वाचणाऱ्याची, आणि मी तिथे उभी होते हे दोघंही विसरले. सर्टिफिकेट मिळालं नाही ते नाहीच. त्या जागेवर दुसरी बाई लागली. पुढल्या वर्षी अकोल्याच्या एका शाळेत माझं काम झालं. त्या तपासणीला मी एकटी गेले, आणि तिथले डॉक्टर 'बाहेर बसा' म्हणाले तेव्हा बसले नाही. पण ते एक वर्ष मी गावात कसं काढलं, बघायला आलेल्या किती घरांना कसा नकार दिला, ते माझं मला ठाऊक.

सर्टिफिकेट नाकारलं गेलं त्या दिवशी दवाखान्यातून आलो ते काका सरळ ओसरीवर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातले दाणे त्याच पितळी वाटीत अर्ध्यापर्यंत घेतले, कोरडे. शिजवले, वरून दूध घातलं. वाडगा काठोकाठ भरला. काकू बघत होती. मी वाडगा उचलला आणि ओसरीवर नेऊन काकांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?" काका म्हणाले.

"अर्धी वाटी."

ते वाडग्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "एवढं कोण खाणार?"

"मी," म्हटलं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, आणि सगळं संपवूनच उठले.