जावईबापूंचं ठिबक आणि अक्कांचे बिबडे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. सांगताना मध्ये थांबलो, तर पुन्हा सुरू करायचा धीर व्हायचा नाही.

मी जळगावात प्रोग्रामर. सासुरवाडी धुळ्यापलीकडे, साक्रीच्या बाजूला, घर मळ्यातच. जावई कॉम्प्युटरवर नक्की करतो काय, हे तिथे कुणाला नीटसं कळलेलं नाही. म्हणून यंदा मे महिन्यात आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ठिबकासाठी मोबाईल ॲप बनवलं. बटणं मिरची, पपई, डाळिंब आणि शेवटी अंगण. जे दाबाल तिथे पाणी. अंगणात धूळ बसवायला फवारा होता.

आणि त्या दिवशी अंगणात काय होतं? ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, वर्षभराचे. अक्का, म्हणजे सासूबाई, शेजारणी जमवून पहाटेपासून घालत होत्या. खाटांवर, जुन्या साड्यांवर, पाय ठेवायला जागा नाही.

मी बांधावर उभा राहून ऐटीत 'मिरची' दाबलं. मिरची कोरडीठाक. घराकडून अक्कांची हाक आली, "आंगनमा पानी कोनी सोडं?"

मी घाईघाईने बंद केलं. शेजारी उभे असलेले आबा ओशाळले. "पाइप मन्हा हातनंच चुकना व्हई," म्हणाले.

पाइप त्यांनीच जोडले होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं. माणूस चुकतो, प्रोग्राम कसा चुकेल? बिचारे भर उन्हात कुदळ घेऊन उकरायला लागले. त्यांना मदत म्हणून, कुठला पाइप चुकलाय ते बघायला, मी 'पपई' दाबलं. मग 'डाळिंब'. दोन्ही वेळा पाऊस अंगणातच.

अक्का धावत आल्या आणि आबांवर बरसल्या, "काय उद्योग लाया तुम्ही? जवाईबापू काय म्हनतीन?"

जवाईबापूंना तेव्हा घाम फुटला होता. कारण डोक्यात उजेड पडला होता. बटणं मी एका लूपमध्ये, म्हणजे एकाच सूचनेच्या चार फेऱ्यांत, तयार केली होती आणि प्रत्येकाच्या पोटात एक छोटं फंक्शन ठेवलं होतं. वाटलं, आपापल्या व्हॉल्व्हचा नंबर जो तो लक्षात ठेवील. पण त्यांनी नंबर धरलाच नव्हता. सगळ्यांनी मिळून एकच डबा धरून ठेवला होता, ज्यात मी नंबर बदलत गेलो. लूप संपला तेव्हा डब्यात शेवटचा नंबर उरला, अंगणाचा. आता कुणीही डबा उघडला तरी अंगणच!

"आबा, कुदळ ठेवा," मी म्हणालो. "पाइप बरोबर आहेत. चूक माझी आहे."

आबांनी घाम पुसला, खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "जमीन तरी भुसभुशीत व्हयनी."

अंगणात बिबड्यांची पुन्हा पेज झाली होती. अक्का ओल्या साड्या गोळा करायला लागल्या. जावयाला बोलायचं कसं? त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्याने ज्वारीचं पीठ शिजवलं. मी रात्रीतून चूक दुरुस्त केली होती, सगळी बटणं तपासली होती. तेच सांगायला अंगणात गेलो. अक्कांनी पदर सावरला, माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि हात पुढे केला.

"आधी मोबाईल आठे ठेवा," म्हणाल्या. "मंग बसा."