वहीतले शहाणे आकडे

मिठाची पिशवी एक किलोची, घरात माणसं तीन. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणशी दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. तिघांचे पंधरा. या हिशेबाने पिशवी दोन महिने आणि वर सहा दिवस पुरायला हवी. आमच्याकडे ती अडतिसाव्या दिवशी संपली. उघडल्याची तारीख मी पिशवीवर पेनाने लिहून ठेवली होती, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

बायकोने तरी वाद घातलाच. "भाजी धुयाले मीठ लागते, लोणच्याले लागते, कैऱ्यायले लागते. सारं मीठ का पोटातच जाते का जी?"

मुद्दा बरोबर होता. मी वरकड मिठासाठी वेगळी बरणी केली आणि दुसऱ्या पिशवीचं दर रविवारी वजन करायला लागलो. आठवड्याला शंभर ते एकशे दहा ग्रॅम. अगदी हिशेबात. मला बरं वाटलं.

हे सगळं सुरू झालं ते बायकोचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं तेव्हापासून. ती एक्कावन्न वर्षांची आहे. तिच्या आईला अठ्ठावन्नाव्या वर्षी लकवा झाला आणि गोंदियाकडच्या त्यांच्या घरी ती बाई सात वर्षं खाटेवर होती. मी ते सणावाराला जाऊन पाहिलेलं. अठ्ठावन्नातून एक्कावन्न गेले की सात उरतात, हे गणित डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात होऊन गेलं होतं. भीती वाटते, असं मी तिला म्हणालो नाही. घरी येऊन तक्ता केला.

तक्ता स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी चिकटवला. पाणी आठ ग्लास. संध्याकाळी चालणं चाळीस मिनिटं. लोणचं-पापड फक्त रविवारी. शेजारीण देते त्या तिळाच्या बिजौऱ्या, म्हणजे वाळवून तळायच्या वड्या, बंद, कारण त्यांच्या पिठात मीठ बरंच असतं. दहाला झोप. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसातला बीपी मोजून वहीत नोंद. यातली एकही गोष्ट अवघड नाही, एकीलाही वेगळं सामान लागत नाही. साधी माणसं साधेपणाने करू शकतील अशा या गोष्टी आहेत आणि लोक त्या का करत नाहीत, हे मला आजही कळत नाही.

मी इकडे हिंदी मुलखात, जामुलकडच्या एका छोट्या कारखान्यात कॉम्प्रेसर रूमचा इन्चार्ज आहे. तिथे दर तासाला प्रेशर, तापमान आणि तेलाची पातळी पाहून कागदावर लिहायची असते. काही कामगार चहाच्या वेळी बसून सगळ्या शिफ्टचे आकडे एकदम लिहून टाकतात. असा कागद मी लांबून ओळखतो. एकाने चार तास ओळीने सात, सात, सात, सात लिहिलं होतं. मी त्याला म्हणालो, "काटा इतका शहाणा कधीच नसतो. पाहिलं नसेल तर जागा रिकामी सोड. रिकामी जागा तरी खोटं बोलत नाही." ही गोष्ट मी घरी जेवताना बऱ्याचदा सांगितली आहे. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे, दर महिन्याला.

वहीतले पहिल्या आठवड्याचे आकडे वाईट होते. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बावन्न, एकशे पंचावन्न. मग हळूहळू उतरले. एकशे छत्तीस, एकशे तीस आणि त्यानंतर एकशे सव्वीस ते एकशे बत्तीसच्या मध्ये. शिफ्टमुळे मी मोजणीच्या वेळी रोज घरी नसायचो, पण आल्यावर वही पाहायचोच. तक्ता काम करतोय, असं मी कारखान्यात दोन-चार जणांना सांगितलंही. एकाला त्याची प्रत दिली.

दोन महिन्यांनी आम्ही सुपेल्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोजलं तेव्हा एकशे पन्नास आलं. मी वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली. "घर की रीडिंग तो बहुत अच्छी है. यहाँ सबका थोड़ा बढ़ ही जाता है."

"साहब, एक भी दिन छूटा नहीं है," मी म्हणालो.

बायकोने वही उचलून पिशवीत टाकली. डॉक्टरांनी दोन गोळ्यांची एक केली.

त्यानंतर अठराव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. दोघी पावर हाउस भागातल्या बाजारात कापड घ्यायला गेल्या होत्या. "पप्पा, आईले चक्कर आला. बात भी बराबर नहीं कर रही. जल्दी आओ." कारखान्यातून पावर हाउस एरवी सतरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी किती लागली, मी पाहिलं नाही. बायको कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. दुकानदार पंखा तिच्याकडे वळवून उभा होता. मी आधी तिचं तोंड पाहिलं, वाकडं झालंय का ते. झालं नव्हतं.

दवाखान्यात एकशे शहाण्णव भरलं. डॉक्टरांनी तिला हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, बोटं दाबायला लावली. तिने सगळं केलं. तीन तासांत बीपी खाली आलं. लकवा नाही, म्हणाले. पण असं पुन्हा झालं तर सांगता येत नाही, असंही म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "वो रीडिंग कौन सी मशीन की है? कल मशीन लाइए."

दुसऱ्या दिवशी मशीन नेलं. त्यांनी त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं, आमचं बरोबर होतं. मग त्यांनी त्यावरचं एक बटण दाबलं. साठवलेले जुने आकडे दाखवणारं ते बटण. मी मशीनचं माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं. त्यात नव्वद आकडे राहतात हे मला ठाऊक होतं, पण वही असताना बटण कशाला दाबायचं? डॉक्टर मोजत गेले. सतरा निघाले. सगळ्यात वरचा एकशे एकाहत्तर, सगळ्यात खालचा एकशे अठ्ठावीस. माझ्या वहीत त्या दिवसापर्यंत एकशे छप्पन नोंदी होत्या.

"ये रजिस्टर किसने बनाया?" डॉक्टरांनी विचारलं. मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

आमच्या घरच्या बोलीत का म्हणून विचारायचं तर कावून म्हणतात. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मी तेवढंच विचारलं. "कावून?"

"कावून म्हंजे? पयल्या आठवड्यात मी खरंच लिवत होती. एकशे अठ्ठेचाळीस लिवलं तं तुमी म्हणाले, लोणचं खाल्लं का. एकशे बावन्न लिवलं तं म्हणाले, दुपारी झोपली कावून नाई. एकशे पंचावन्नच्या दिवशी तुमी माह्या बहिणीले फोन लावला, तिनं मले काई टेन्शन देलं का म्हणून. थे अजून मले टोमणे मारून राहिली. मंग एक दिवस एकशे तीस लिवलं. तुमी माह्यासाठी चहा केला."

"वो चाय मुझे याद है," मुलगी आतून म्हणाली. "शक्कर भी नापके डाली थी."

"अन् सारखे आकडे लिवले तं तुमी पकडसान, हे मले मालूम होतं," बायको म्हणाली. "सात, सात, सात, सात. दर महिन्याले आयकते ना मी. म्हणून थोडे थोडे हलवून लिवत होती. आज सव्वीस, उद्या तीस, परवा अठ्ठावीस."

पंचवीस वर्षं मी लोकांचे खोटे कागद पकडले आणि ते पकडण्याची युक्ती स्वतः घरी बसून शिकवली. मला खूप राग आला. पहिल्या आठवड्यानंतर वहीतला एकही आकडा एकशे चाळीसच्या वर उडाला नव्हता. खरा काटा कधीतरी उडतो. हे माझ्या खालच्या नव्या कामगारालाही दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मला ते आकडे आवडले होते.

"त्या वहीवरून गोळी कमी केली डॉक्टरनं!" मी शेवटी ओरडलो. "तुह्या आईचं काय झालं होतं, तुले मालूम नाई का?"

"माह्या आईचं मले नका सांगू." ती ओरडली नाही. "तुमी दिवाळीले येऊन पायत होते. मी दोन-दोन महिने राहून तिले या कुशीवरून त्या कुशीवर फिरवत होती. मले भेव नसन लागत का? तुमी सकाळी वही घेऊन उभे राहता तं मले तिची खाट दिसते. अन् मंग तुमी विचारता, पापड खाल्ला का."

मुलगी बाहेर येऊन मध्ये उभी राहिली. जे सांगायचं होतं ते मी अडीच महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं आणि त्याऐवजी भिंतीला कागद चिकटवला होता. त्या संध्याकाळी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. सात वर्षांचं गणित सांगितलं फक्त. ती म्हणाली, "हे गणित मी तुमच्या आधी केलं."

मग बाकीचंही बाहेर आलं. चाळीस मिनिटांतली दहाच मिनिटं ती चालत असे, उरलेली तीस शेजारणीच्या ओट्यावर जात. मिठाची आणखी एक पिशवी गव्हाच्या कोठीत होती. मी वजन करायचो ती निव्वळ मला दाखवायला. मी मशीन हातात घेऊन म्हणालो, निदान यात एक एकशे अठ्ठावीस खरा आहे, त्या दिवशी तू काय केलं होतं?

"थो माहा नाई जी. शेजारीणबाईचा आहे. त्यायले पट्टा बांधून पायचा होता."

आता गोळ्या पुन्हा दोन झाल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसू द्या, कोणी बोलू नका. बायको म्हणाली, बोलण्याचं सोडा, हे समोर नुसते बसले तरी वाढते. मी म्हणालो, असं होत नाही. तिने म्हटलं, नापून पाहा. मी समोर बसलो तेव्हा एकशे चौसष्ट. मी अंगणात गेलो आणि पाच मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं, एकशे एकोणपन्नास. एका दिवसावर विश्वास नको म्हणून चार दिवस केलं. फरक पंधरा, अकरा, चौदा, बारा. सरासरी तेरा. मीठ कमी करून किती उतरतं ते माहीत नाही, पण मी खोलीतून उठल्याने तेरा उतरतं. हे कारखान्यात कोणाला सांगितलेलं नाही. ज्याला तक्त्याची प्रत दिली होती, त्याच्याकडून ती परत मागून घेतली.

तक्ता काढला. वही नवी आहे आणि तिची आहे. ती मी उघडायची नाही, थेट डॉक्टरांनी उघडायची, असं ठरलं. ठरवलं तिने. मशीनचं ते बटण दाबायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. मला हे पटलेलं नाही. घरात आकडा असून तो मला माहीत नसणं, याची मला सवय होत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी वही उघडली तेव्हा मला समोरून उलटं पान दिसलं. एकशे छप्पन, एकशे अडतीस, एकशे एकेचाळीस, मग एकदम एकशे साठ. वाकडेतिकडे, वरखाली उडालेले. दोन जागा रिकाम्या होत्या. त्या दोन दिवशी काय झालं होतं, का मोजलं नाही, हे मी सुपेल्यापासून घरापर्यंत ऑटोत बसून विचारलं नाही.

आज सकाळी साडेसहाला मी अंगणात पायरीवर बसलो होतो. आत पट्टा फुगल्याचा आवाज आला, मग हवा सुटल्याचा. पेन घेतल्याचा आवाज येत नसतो, तरी मी ऐकत होतो.

"झालं," ती आतून म्हणाली. "या आता."

"किती?" हा शब्द तोंडात आला होता. मी चहा ठेवायला आत गेलो.