संत्र्याचा बोळा

"बाई, थे दूर कर! लवकर दूर कर!"

वनमालाकाकूंनी माझा हात झटकला आणि ट्रेमध्ये ओकल्या. तेल लावलेला कापसाचा बोळा खाली पडला. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

मी अमरावतीच्या एका खासगी हॉस्पिटलात रिकव्हरी वॉर्डची इन्चार्ज आहे. ऑपरेशन झालेला पेशंट शुद्धीवर येताना आमच्या ताब्यात असतो. भुलीनंतर पुष्कळांना मळमळतं. त्यासाठी इंजेक्शन असतं, पण काहींना तरीही उमासे येतात. अकोल्याच्या एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं, की अशा वेळी सुगंधी तेलाचा बोळा नाकाजवळ धरून खोल श्वास घ्यायला लावला, तर काहींना आराम पडतो. याला अरोमाथेरपी म्हणतात. झालं, माझ्या अंगात वारंच संचारलं! संत्र्याचं आणि पुदिन्याचं तेल घेऊनच मी बडनेरा स्टेशनवर उतरले.

आमचे सर्जन हसले. "सिस्टर, वॉर्डात अत्तराचं दुकान मांडता काय?"

मी महिनाभर मागे लागले, तेव्हा सर म्हणाले, "एक पेशंट. आधी इंजेक्शन, मग तुमचा वास. फरक नाही पडला, तर बाटल्या घरी."

ती पेशंट म्हणजे शेंदूरजनाघाटच्या वनमालाकाकू. पोटाचा हर्निया, तोही दुसऱ्यांदा. मागच्या वेळी ओकून ओकून टाके उसवले होते. स्ट्रेचरवर माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, यावेळी टाके टिकले पाह्यजे. तिसऱ्यांदा पोट फाडून घ्याची हिंमत नाही माह्यात."

घरी संत्र्याचा धंदा. मी म्हटलं, संत्र्याच्या गावची बाई, संत्र्याचंच तेल! विचारायची गरजसुद्धा वाटली नाही मला शहाणीला.

आता पडलेला बोळा उचलत विचारलं, "काकू, संत्रं आवडत नाही का?"

"आवडते? अख्खा सीझन शेडमंदी सडके संत्रे निवडून राहिली मी! थो वास जेवतानाही नाकातून जात नाही!"

पुन्हा उमासा आला. काकूंनी पोट धरलं. "टाके गेले वाटते वो!" त्या रडायलाच लागल्या. टाक्यांना आधार म्हणून मी त्यांच्या पोटावर उशी दाबून धरली आणि जे सगळ्यात आधी विचारायचं, ते आता विचारलं.

"मग कोणता वास चांगला वाटते तुमाले?"

"पुदिना. मायच्या घरी विहिरीपाशी होता."

बाटली खिशातच होती! नव्या बोळ्यावर दोन थेंब टाकले. "नाकानं घ्या, तोंडानं सोडा." एक, दोन, पाच श्वास. उमासा आला आणि घशातूनच परत गेला. मी श्वास रोखून बघत होते. दहा मिनिटांनी काकूंनी डोळे उघडले.

"बाई, शांत वाटून राह्यलं वो!"

मी तिथेच उडी मारायची तेवढी बाकी होती! सरांनी पट्टी सोडून पाहिली. एकूण एक टाका जागेवर.

"इंजेक्शनचा परिणाम असेल," सर म्हणाले.

"मंग थो आधी कावून नाही झाला?" काकूंनी विचारलं. बाटल्या वॉर्डात राहिल्या.

डिस्चार्जच्या दिवशी काकूंच्या यजमानांनी आमच्यासाठी संत्र्याची पेटी आणली. काकू नाकाला पदर लावून दारातच उभ्या. आता फॉर्मवर ॲलर्जीच्या खाली मी एक ओळ हातानं लिहिते : कोणता वास नको? पेशंटचं गाव फॉर्मवर आधीपासून असतं. त्यावरून नाक ओळखायला जाऊ नये.