पूजेपुढचे नारळ

डिचोलीजवळच्या आमच्या गावात वाचनालयाचा खजिनदार होतो मी. शत्रूवरही ही वेळ येऊ नये! संस्थेचं उत्पन्न काय, तर सरस्वतीपूजेची पावणी. म्हणजे देवीपुढच्या नारळांचा लिलाव व्हायचा, आणि बोलीचे पैसे पुढच्या पूजेपर्यंत सवडीनं द्यायचे, ही रीत. देवळात ती चालते, कारण तिथं देवाचं भय असतं. वाचनालयाला कोण भितो?

भाषेचं आंदोलन पेटलं त्या वर्षी तर कहरच झाला. मराठीच्या बाजूनं एक खाणीचा ट्रकवाला, कोंकणीच्या बाजूनं एक बागायतदार, दोघंही इरेला पेटले. पाच नारळांना बोली एवढी चढली की त्यात नारळी-पोफळीचं अख्खं कुळागर आलं असतं.

मी मूर्ख, हुरळलो. आमच्या ग्रंथपाल मुलीला वास्कोत बंदराच्या कचेरीत नोकरी मिळत होती. वडील नव्हते, घर तिच्यावरच. मी म्हटलं, "बाय, जाऊ नको. आता तुला पुरा पगार देऊ." माझ्या शब्दावर तिनं ती नोकरी नाकारली.

मग सुरू झाल्या माझ्या खेपा. ट्रकवाला म्हणे, "मास्तर, आधी त्याचे आणा, मग माझे." बागायतदार म्हणे, "पयलीं तो दिवं, मागीर हांव दितां." म्हणजे आधी त्यानं द्यावे, मग हा देणार. घ्या! गोवा घटक राज्य झालं, दोघांनी एकमेकांना पेढे भरवले, पण पैशांचं नाव नाही. वार्षिक सभेत मी ताळेबंद वाचला, तर येणं इतकं भरघोस की लोकांनी टाळ्या पिटल्या. पेटीत खडखडाट! आणि ती पोर दर महिन्याला विचारायची, "मास्तर, आता तरी?" मला तोंड वर करवत नव्हतं.

पुढची पूजा आली. पहिला नारळ हातात घेऊन मी म्हटलं, "बोला!"

मागून तीच उठली. "माझा नऊ महिन्यांचा थकलेला पगार."

ट्रकवाला जमिनीकडे बघत होता, बागायतदार पंख्याकडे. मी सवयीनं बोलून गेलो, "एक वार... दोन वार... तीन वार."

ती पुढे आली, कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नारळ घेतला आणि निघून गेली. आमच्या वाचनालयात जागच्या जागी फिटलेली बोली तेवढी एकच.